भाव एकच, शोरूम तीन

गाडी घ्यायचं ठरलं त्या रात्री आप्पांनी त्यांचा पांढरा टॉवेल इस्त्रीला दिला. मी तेव्हा फारसं लक्ष दिलं नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर चाळीस वर्षं दिवाणजी होते. त्यांच्या लेखी जगात वस्तू दोनच प्रकारच्या, कमी करून घेतलेल्या आणि फसून घेतलेल्या. चप्पल लाईनीत त्यांना लांबून येताना बघून दुकानदार पाणी पिऊन घेतात. गुजरीत मजुरीवरून त्यांनी एका सराफाला दुपारचं जेवण चुकवायला लावलं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हाही डॉक्टरांना त्यांनी सरळ विचारलं, "दोन्ही डोळं एकदम केलं तर काय धरशीला?"

मी मात्र उलटा निपजलो. भाजीवाली वीस म्हणाली की मी वीस देतो, आणि वर तीच कोथिंबीर टाकते, दया येऊन. त्यामुळे आम्ही जी गाडी बघत होतो तिचा भाव सगळीकडे एकच, एक रुपया इकडे-तिकडे नाही, हे कळल्यावर मी मनातून खूश झालो होतो. म्हटलं, या वेळी तरी आप्पांच्या मागं मान खाली घालून उभं राहावं लागणार नाही.

पहिलं शोरूम शिरोलीच्या बाजूला, महामार्गावर. काचेची इमारत, आत गारठा. टाय लावलेल्या पोरानं कागद पुढं केला. ऑन-रोड 9,86,214. आप्पांनी कागदाकडं बघितलं नाही. गाडीकडं तर नाहीच. जी वस्तू पाहिजे तिच्याकडं बघायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. ते पंधरा मिनिटं पाण्याच्या कूलरकडं बघत बसले. मग सावकाश उठून गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "रंग उडल्यासारखा वाटतोय."

"काका, तो सिल्व्हर आहे."

"डिकी बारकी हाय. बरं, द्यायची कितीला?"

"काका, फिक्स प्राइस आहे."

"ते लोकांस्नी. आमाला किती?"

पोरानं पुन्हा 9,86,214 सांगितले. आप्पांनी शेवटचं अस्त्र काढलं, म्हणजे ते उठले. कोल्हापुरात गिऱ्हाईक उठलं की तिसऱ्या पावलाला "ओ पावणं, या की माघारी!" ही हाक येतेच येते. आप्पा तीन पावलं चालले. मग आणखी तीन. दारापाशी थांबून त्यांनी चपलेचा अंगठा नीट केला, मग दुसऱ्या पायातला केला. मागं शांतता. वॉचमननं दार उघडून सलाम ठोकला, आणि आम्ही बाहेर उन्हात.

परतीच्या वाटेवर कावळा नाक्याच्या सिग्नलला आप्पा पहिल्यांदा बोलले. "सत्तर वर्षांत मला कुणी माघारी बोलावलं नाही असं पैल्यांदा झालं."

दुसरं शोरूम ताराबाई पार्कात. तिथं चहा मिळाला, बिस्किटं मिळाली आणि 9,86,214 मिळाले. मग आप्पांनी सांगली काढली. पन्नास किलोमीटर लांब, पण भावासाठी माणसानं जायला लागतं. मेव्हण्याची गाडी काढून गेलो. तिथल्या माणसानं कागद पुढं केला आणि आप्पांनी या खेपेला मात्र वाचला. 9,86,214. येताना अंकली पुलावर म्हणाले, "सांगलीवाल्यांचं आणि आपलं जन्मात कशात एकमत झालं नाही. झालं ते ह्यात!" त्या फेरीत पेट्रोल आणि वडापाव मिळून सातशे रुपये गेले. म्हणजे गाडी आता आम्हाला 9,86,914 ला पडत होती.

रात्री मेव्हण्यानं कागद पसरून सगळं समजावलं. एक्स-शोरूम किंमत कंपनीच ठरवते. पेट्रोलच्या गाडीला, दहा लाखांच्या आत असेल तर, 11 टक्के कर; तो सरकारचा. विम्यातला थर्ड पार्टीचा हप्ता तर सरकारी दरानंच, आणि 2018 पासून नव्या गाडीला तो एकदम तीन वर्षांचा भरायचा. उरला गाडीच्या नुकसानीचा विमा. तो शोरूममधूनच घ्यायला पाहिजे असं काही नाही, बाहेरून स्वस्त मिळाला तर बाहेरून घ्यावा. तिथं चार-पाच हजार सुटतील.

"म्हंजे एवढ्या म्होट्या गाडीत आपल्या हातात काय ऱ्हायलं?" आप्पांनी विचारलं.

"मॅट," मेव्हणा म्हणाला.

मॅटचंही छापील दरपत्रक होतं.

खरी गडबड पुढं झाली. मेव्हण्याला कुठली बातमी कधी सांगू नये याची अक्कल नाही. त्यानं सांगितलं की 2021 साली स्पर्धा आयोगानं मारुतीला 200 कोटींचा दंड ठोठावला होता. डीलरांनी ठरल्यापेक्षा जास्त सूट द्यायची नाही, असा दंडक घातल्याबद्दल. आणि कोण गुपचूप सूट देतंय ते धरायला म्हणे खोटी गिऱ्हाइकं पाठवत. ते प्रकरण पुढं अपिलात गेलं वगैरे त्यानं सांगितलं, पण आप्पांच्या कानात फक्त दोन शब्द गेले: खोटी गिऱ्हाइकं.

म्हणजे सूट देणारे आहेत! फक्त भितात!

दुसऱ्या दिवशी आप्पा मला घेऊन परत ताराबाई पार्कात. कंपनी वेगळी, गाडी वेगळी, हे मी रिक्षात सांगून बघितलं. त्यांनी त्या पोराला कोपऱ्यात गाठलं, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आता कोण बगत न्हाई. खरा भाव सांग." पोराचा चेहरा पांढरा पडला. त्यानं वरच्या कॅमेऱ्याकडं बघत मोठ्यानं म्हटलं, "सर, आमच्याकडं सगळ्यांना एकच रेट असतो!" आणि मग मला बाजूला घेऊन, "दादा, खरं सांगा, हे काका कंपनीकडनं आल्यात का?"

तरी आप्पा खचले नाहीत. 2010 साली औरंगाबादकरांनी एकत्र येऊन एकदम 150 मर्सिडीज उचलल्या होत्या, हे कुणीतरी त्यांना तालमीच्या कट्ट्यावर सांगितलं. (त्याच मर्सिडीजनं 2021 पासून भारतात सगळीकडं एकच भाव करून बिलही कंपनीच्या नावानं द्यायला सुरुवात केली. मर्सिडीज घेणाऱ्यांच्या घरी आप्पा नसावेत.) झालं. आप्पांनी गल्लीत माणसं गोळा करायला घेतली. चार दिवसांत दोघे मिळाले. त्यातल्या एकाला मोटारसायकल पाहिजे होती, आणि दुसरा होता मेव्हणा, ज्याच्याकडं गाडी होतीच.

मला एव्हाना माझ्याच खुशीची लाज वाटायला लागली होती. भाव करण्याची कटकट नको म्हणत होतो, पण भाव काढून घेतल्यावर निवडायचं कशावरून, तेच कळेना. तिघांचा आकडा एक, रंग एक, हसणंसुद्धा एक. मी वहीत तीन रकाने केले. पार्किंग. चहा. संडास स्वच्छ आहे का. ताराबाई पार्कातली बिस्किटं चांगली, म्हणून त्यांना एक मार्क जास्त, इथपर्यंत माझी मजल गेली.

बायको वही बघून काही बोलली नाही. शनिवारी सकाळी ती दोन्ही वर्कशॉपना जाऊन आली. शोरूममध्ये पायसुद्धा ठेवला नाही. मागच्या बाजूला, सर्व्हिसिंगची गाडी घ्यायला लोक जिथं ताटकळत बसतात, त्या बाकड्यावर जाऊन बसली आणि शेजारच्यांना विचारलं, "तुमचं काय झालं?" आपल्याकडं एवढं विचारलं की पुरतं. एका ठिकाणी इस्टिमेट चार हजारांचं, बिल नऊचं, असे तिघे निघाले. दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे शिरोलीच्या बाजूला, आधी फोन करून विचारल्याशिवाय पार्ट बदलत नाहीत, असं दोघांनी सांगितलं. "घ्यायला एकदा जायचंय," ती म्हणाली, "सर्व्हिसिंगला दहा वर्षं." सांगली लांब म्हणून आपोआप बाद.

ठरलं. पण आप्पांचं तोंड उतरलेलंच.

बुकिंगच्या दिवशी ते इस्त्रीचा टॉवेल खांद्यावर टाकून आले. पोरानं मॅनेजरला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, मुरगूडकडचा, बोलण्यात कागल तालुका स्वच्छ ऐकू येत होता. आप्पांनी त्याचं गाव विचारलं, मग वडील काय करायचे ते विचारलं. वडील हेडी होते, म्हणजे जनावरांच्या बाजारातले व्यापारी. आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग खांद्यावरचा टॉवेल काढला, टेबलावर पसरला आणि त्याखाली आपला हात घातला.

मॅनेजरनं टाय सैल केली. इकडं-तिकडं बघितलं. आणि टॉवेलखाली हात घातला.

बैलाचा सौदा असाच होतो. कापडाखाली बोटं धरायची, जेवढी बोटं तेवढा आकडा, आजूबाजूच्या कुणाला पत्ता नाही. त्या गार काचेच्या खोलीत दोघेही माना वर करून छताकडं बघत होते आणि टॉवेल मधूनच हलत होता. आप्पांनी मान हलवली. मॅनेजरनं जीभ चावली. आप्पांनी पुन्हा काहीतरी धरलं. दोन-तीन मिनिटं चाललं असेल. टायवाला पोरगा फाईल छातीशी धरून उभा. मग दोघांनी एकदम हात काढले, आप्पांनी टॉवेल झटकला आणि म्हणाले, "चेक दे रं त्यास्नी."

मी बिल बघितलं. 9,86,214.

"आप्पा, काय ठरलं?"

"टॉवेलाखालचं बाहीर सांगायचं नसतं."

पेढे घेऊन घरी आलो तर गल्लीतले चौघे गाडीची वाट बघत कट्ट्यावर बसले होते. पहिला प्रश्न अर्थातच, "आप्पा, किती कमी केलं?" आप्पांनी टॉवेल पुन्हा खांद्यावर टाकला, त्यांच्याकडं बघून हसले आणि काही न बोलता आत गेले. आता अख्खी गल्ली मला बाजूला घेऊन विचारत असते.