साडेबारा तासांचे अंतर

सिएटल आणि कोल्हापूर यांच्या घड्याळांत उन्हाळ्याच्या दिवसांत साडेबारा तासांचा फरक असतो. त्यामुळे मुलीकडे लांबलचक मुक्काम करून परतलेल्या माणसाला मनगटावरचे काट्यांचे घड्याळ केवळ अर्धा तास पुढे सरकवावे लागते. उरलेले बारा तास तबकडी मुकाट्याने पोटात घालते. शरीर मात्र इतके समजूतदार नसते. त्याच्या आत जे घड्याळ चालते ते दिवसाला साधारण एक तास एवढ्याच सवडीने नव्या वेळेवर येते, असे जाणकार सांगतात, आणि दिवसाची अशी नेमकी रात्र झाली की पुढे सरकावे की मागे, याचाही निर्णय त्याला लवकर करता येत नाही. सकाळचे ऊन डोळ्यांवर पडू द्यावे, हा त्यावरचा उपाय. तो जुलै महिन्यात मंगळवार पेठेत कसा करावा, हे सांगणारा जाणकार मला अद्याप भेटलेला नाही. आम्ही परतलो तेव्हा सूर्य हा केवळ पंचांगात उगवत होता.

परिणामी मी दुपारी जेवणाच्या ताटावर पेंगत असे आणि रात्री दोनच्या सुमारास टक्क जागा होत असे. सुदैवाने जुलैत कोल्हापुरात जागरणाला काम असते. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की येथे कोणी कोणाची ख्यालीखुशाली विचारत नाही; ‘किती फुटावर आलं?’ एवढेच विचारतात. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात, आणि 2019 व 2021 चे महापूर पाहिल्यापासून थोरांचीही झोप या आकड्यांवर अवलंबून असते. मला झोप नव्हतीच. मी रात्रभर मोबाइलवर पातळी पाहून ती गल्लीच्या ग्रुपवर टाकू लागलो, आणि पाहता पाहता माझी पत वाढली. समोरचे आप्पा पहाटे दूध आणायला निघाले की खिडकीखालूनच विचारत, ‘काय वो, चढतंय का उतरतंय?’ अमेरिकेहून काहीतरी उपयोगाचे घेऊन आलेला हा गल्लीतला पहिलाच माणूस, असे सर्वांचे मत पडले. माझ्याआधीच्यांनी नुसती चॉकलेटे आणली होती.

दिवसा मात्र मला अशी किंमत नव्हती. तिकडे रस्त्याच्या कडेला नुसते उभे राहिले तरी मोटारी अदबीने थांबतात, आणि या अदबीची चटक फार लवकर लागते. त्याच श्रद्धेने मी बिंदू चौकात कडेला उभा राहिलो, तर वाहने खरोखरच थांबली. तिन्ही रिक्षा होत्या. ‘कुठं सोडू, काका?’ समोरच्या बाजूला जायचे आहे, असे सांगितल्यावर पहिला निघून गेला. दुसऱ्याने मीटर टाकू का, म्हणून विचारले. आणि तिसऱ्याने खाली उतरून माझा दंड धरला व मोकळ्या हाताने येणारीजाणारी सगळी वाहने अडवत मला पलीकडे नेऊन पोहोचवले. पैसे त्याने घेतले नाहीत. ‘आजोबा, एकटं फिरत जाऊ नगासा,’ एवढे बजावले. रस्ता ओलांडेपर्यंत माझा काकाचा आजोबा झाला होता.

आमच्या सौभाग्यवतीला यातले काहीच भोगावे लागले नाही. बंद घरातल्या तांदळाच्या डब्यात झालेले टोके पाहिल्याबरोबर तिचे शरीर भारतीय प्रमाणवेळेवर आले.

खरी परीक्षा जिभेची होती. मुलीच्या घरी सारा स्वयंपाक नातवाच्या बेताने होत असे आणि मिरपूड हा तेथे तिखटपणाचा कळस होता. परतल्यानंतर तालमीतले जुने सवंगडी मला मिसळ खायला घेऊन गेले, तेव्हा त्यांचा हेतू पाहुणचाराचा नसून तपासणीचा होता. कोल्हापुरात मिसळीबरोबर पाव येत नाही, स्लाइस ब्रेड येतो. त्याची कड कटात बुडवली की तांबडी तर्री ब्रेडच्या बारीक छिद्रांतून हळूहळू वर चढताना दिसते, आणि ती बोटांपर्यंत पोहोचण्याच्या आत घास तोंडात गेला पाहिजे. ब्याडगी मिरची नुसता रंग दाखवून धीर देते; संकेश्वरी घशाखाली उतरल्यावर बोलू लागते. पहिल्याच घासाला माझे कान तापले, नाक वाहू लागले आणि चष्म्यावर वाफ धरली. ‘कसं काय हाय, मर्दा?’ एकाने विचारले. ‘उत्तम,’ असे मी म्हणालो, पण त्या शब्दाच्या मध्यावर मला उचकी लागली. तेवढ्यात मालकाचा मुलगा जादा कट वाढायला आला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले, हातातले भांडे मागे घेतले, आणि मी मागितलेली नसताना दह्याची वाटी माझ्यापुढे आणून ठेवली. ती वाटी तेथे पुण्याहून आलेल्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेली असते. सवंगड्यांनी माना खाली घातल्या. माझ्या नागरिकत्वाविषयी इतकी शंका अमेरिकेच्या विमानतळावरही कोणी घेतली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळच्या भाकरीला खर्डा लावून मेहनत सुरू केली, आणि पुढच्या खेपेला डोळ्यांत पाणी येऊ न देता जादा कट मागून घेतला. तो मी संपवला का, हा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि मीही तो विषय काढला नाही.

श्रावण सरत आला तशी तालमीची पोरे गणपतीच्या वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहिली. माझ्या नावापुढचा आकडा ती घरूनच लिहून आली होती, आणि तो कोपऱ्यावरच्या सराफाच्या आकड्याहून मोठा होता. मी त्यांना आत बसवले, चहा सांगितला आणि गेल्या वर्षीचा हिशेब मागितला. मांडवाच्या खड्ड्यांपासून साउंडच्या बिलापर्यंत सगळा खर्च उकरून झाला. मधेच आप्पाही येऊन कोणाची बाजू घ्यायची ते न ठरवताच भांडू लागले. चहाची दुसरी फेरी झाली तेव्हा आकडा उतरत उतरत दरवर्षीच्या 501 वर येऊन टेकला. म्होरक्याने पेनाचे टोपण काढले, पावतीवर माझे नाव घातले आणि म्हणाला, ‘बरं काका, 501 तर 501. फकस्त डॉलरमधी द्या.’