क्लास, अभ्यासिका आणि माझे चुकीचे टिपण

राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्यातील सदाशिव पेठेत मी तीन वर्षे काढली. त्यांतील पहिले वर्ष सकाळी क्लास आणि उरलेला दिवस अभ्यासिकेत वाचन, असे गेले. जमीन सुधारणांचे कायदे आणि त्यांवरून सरकार व न्यायालये यांच्यात वर्षानुवर्षे चाललेला वाद सरांनी असा उलगडून सांगितला होता, की मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून का वगळला गेला हे मला एखाद्या गोष्टीसारखे दिसू लागले. पुस्तकात हा भाग चार ओळींत उरकलेला होता. मात्र पंधरा दिवसांनी तेच कोऱ्या कागदावर लिहायला बसलो आणि दुसऱ्याच वाक्याला अडलो.

दोष सरांचा नव्हता, माझ्या अभ्यासाच्या रीतीचा होता. मी टिपणे पुन्हापुन्हा वाचत होतो, रंगवत होतो. मिटून आठवत नव्हतो. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एक उतारा काही विद्यार्थ्यांनी पुन्हा वाचला आणि काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. अभ्यासिकेतले माझे समाधान त्या पहिल्या पाच मिनिटांचे होते.

पुढे मी क्लास सोडला आणि आठवून लिहू लागलो. लक्षात राहू लागले, पण चुकाही तितक्याच पक्क्या झाल्या. मूलभूत कर्तव्ये १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आली. मालमत्तेचा हक्क वगळल्याची नोंदही तिच्याच खाती टाकून मी कित्येक महिने आत्मविश्वासाने लिहीत होतो, आणि तपासतही होतो त्याच चुकीच्या टिपणावरून. एका सराव चाचणीत तपासणाऱ्या शिक्षकांच्या लाल रेघेने ते उघडे पडले.

‘युट्यूब असताना क्लास कशाला’ असे म्हणणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात येत नाही, की युट्यूबवरचे व्याख्यान हेही व्याख्यानच असते. त्याने स्वयंअध्ययन होत नाही आणि आपली वहीही कुणी पाहत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाल्यामुळे ही उणीव अधिकच जाणवेल. दोनशे जणांच्या वर्गात ती भरून निघेल असेही मला वाटत नाही. आज क्लास लावायचा झाला, तर शुल्क भरण्यापूर्वी किती तास शिकवणार हे मी विचारणार नाही. माझी किती उत्तरे तपासणार आणि कोण तपासणार, एवढेच विचारेन.