कुणाला आपलं आवडतं गाणं डिलीट करायला लागू नये

रविवारी आमच्या दहावीच्या ग्रुपवर एकानं टाकलं, आपापली पाच आवडती गाणी टाका, लिंकसकट. मला बरं वाटलं, कारण एरवी तिथं गुड मॉर्निंगची फुलं, वाढदिवस आणि इलेक्शन सोडून काही नसतं. दुपारपर्यंत वीसेक लिस्टा आल्या आणि वाचता वाचता लक्षात आलं की सगळ्यांच्या लिस्टा जवळपास सारख्याच आहेत, एक अभंग, एक नाट्यगीत, एक लताबाईंचं, एक गझल, आणि जरा मोकळं वाटावं म्हणून एक किशोरकुमार. ज्या पोरांबरोबर मी दहा वर्षं एका वर्गात बसले त्यांच्या आवडी इतक्या शहाण्या कधी झाल्या मला कळलंच नाही.

मग आमच्यातला एकजण, तासगावकडं द्राक्षबाग आहे त्याची, त्यानं पाचही लावण्या टाकल्या. सिनेमातल्या नाहीत, फडावरच्या. कुणीतरी जत्रेत टेपवर भरून घेतलेल्या, आवाज फाटलेला, मागं शिट्ट्या आणि जनरेटरची घरघर. लगेच एकाचा मेसेज, अरे फॅमिलीवाले आहेत ग्रुपवर. दुसऱ्याचा, क्लास सांभाळा जरा. खाली हसणारे चेहरे. अर्ध्या तासानं बघितलं तर पाचही मेसेज डिलीट केलेले, एकाखाली एक पाच ओळी. त्या पाच ओळी बघून मला जे वाईट वाटलं ते आज बुधवार उजाडला तरी जाईना, म्हणून लिहितेय.

त्याला संध्याकाळी फोन केला. आधी म्हणला, जाऊ दे गं, कुठं मनावर घेतीस, फवारणीचं बघायचंय मला. मग गप्प झाला आणि म्हणला, त्यातल्या तिसऱ्या गाण्यात ढोलकी आमच्या तात्यांची आहे. त्याचे वडील फडात ढोलकीला होते. दसऱ्याला घरातनं बाहेर पडायचे ते बुद्धपौर्णिमेच्या आसपास परत यायचे, आणि शाळेत कुणी विचारलं की हा सांगायचा वडील एसटीत आहेत. मला दहा वर्षांत माहीत नव्हतं. तात्या जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांचा फोटो घरात एकच आहे पण वाजवणं त्या कॅसेटीत आहे, गाणारणीचा एक सूर लांबतो तिथं तात्या हात थांबवतात आणि बरोबर समेवर येऊन थाप मारतात, ते ऐकायला तो ते गाणं लावतो. आता सांगा, आमच्या वीस लिस्टांमध्ये याच्याइतकं खरं कारण किती गाण्यांना होतं?

माझं म्हणणं एवढंच आहे. आवडतं गाणं विचारलं की आपण आवडतं सांगत नाही, शोभणारं सांगतो. पाहुणे आल्यावर कपाटातला कपबशीचा चांगला सेट काढतो तसं. आणि जो रोजच्या वापरातलं भांडं पुढं करतो त्याला आपण हसतो.

क्लास सांभाळा म्हणणाऱ्याच्या लिस्टमध्ये पहिलं गाणं गीतरामायणातलं होतं. त्या गाण्यावर माझंही प्रेम आहे. पण गीतरामायण लिहिलं कुणी, तर गदिमांनी, म्हणजे आपल्याच आटपाडी तालुक्यातल्या शेटफळेच्या माणसानं. १ एप्रिल १९५५ ला रामनवमी होती, त्या दिवशी पुणे आकाशवाणीवर पहिलं गाणं लागलं आणि वर्षभर दर आठवड्याला एक असं करत ५६ गाणी झाली. आणि याच गदिमांनी १९५९ च्या 'सांगत्ये ऐका' मध्ये 'बुगडी माझी सांडली गं' लिहिली. चाल वसंत पवारांची, आवाज आशाताईंचा, ज्यांचा जन्म आपल्या सांगलीतला. रामाचं दुःख लिहिणारा हात आणि साताऱ्याला जाता सांडलेल्या बुगडीचा ठसका लिहिणारा हात एकच आहे, मधे फार तर चार वर्षं गेलीत. त्या माणसाला यात क्लास आडवा आला नाही, मग आपल्यालाच का यावा?

पठ्ठे बापूराव तर वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. कुलकर्ण्याच्या घरचा पोरगा लावणीच्या पायी घरदार, जातीतला मान सगळं सोडून फडात गेला. त्याला तेव्हा लोक काय काय म्हणाले असतील याचा अंदाज आपल्याला आहे. आज त्यांचं नाव आपण कौतुकानं घेतो आणि रविवारी तेच बोलणं आपल्या वर्गमित्राला ऐकवतो. हे मला पटत नाही, अजिबात पटत नाही.

मी मिरजेत वाढले. अण्णा रेल्वेत होते, नाईट ड्युटी करून आले की झोपायच्या आधी अर्धा तास गाणं ऐकायचे, आणि उरुसात आम्हा भावंडांना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाणं ऐकायला न्यायचे. तिथं तिकीट नाही, खुर्ची नाही. सतरंजीवर जागा मिळेल तिथं बसायचं, शेजारी हमाल असायचा, त्याच्या पलीकडं डॉक्टर, आणि बायका पोरांना मांडीवर घेऊन बसलेल्या. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना सिंगपेरुमाळ कोइलच्या स्टेशनवर गेले आणि त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केलं. त्यांच्या आठवणीत गाणारे तिथं येतात ते हजेरी लावायला. मी बहुतेक वेळा अण्णांच्या मांडीवर झोपून जायची आणि पहाटे भैरवीला जाग यायची. रागबिग काही कळत नव्हतं, थंडी, उदाचा वास आणि कुणाचा तरी लांबलेला षड्ज एवढंच. अण्णा कधीच म्हणाले नाहीत की हे भारी गाणं आहे म्हणून ऐक. फक्त एखाद्या जागेला माझ्या पाठीवर हात ठेवायचे, म्हणजे मी समजायची की इथं काहीतरी झालं.

गाणं देणं म्हणजे हे, असं मला वाटतं. लिंक पाठवणं वेगळं. लिंक मला दिवसाला पंधरा येतात, ऐकते दोन, तीही अर्धी. पण कुणी म्हणलं की 'दुसऱ्या कडव्याच्या शेवटी बघ ती कशी थांबते', तर मी ते गाणं हमखास ऐकते, अगदी गिरणीत दळणाला नंबर लावून उभी असले तरी.

खाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' ही झिंझोटी रागातली ठुमरी आहे, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवरची, म्हणजे जेमतेम तीन मिनिटांची. भीमसेन जोशींनी लहानपणी गदगला एका दुकानात ही तबकडी ऐकली आणि १९३३ मध्ये, वय अकरा, गाणं शिकायला घर सोडून पळाले. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे ही. पण मला नेहमी त्या दुकानातल्या माणसाचा विचार येतो, ज्यानं ती तबकडी लावली. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. त्यानं गिऱ्हाईक यावं म्हणून लावली असेल किंवा त्यालाच ती आवडत असेल, काही असो, पण त्यानं ती दुकानात लावली, मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल अशी. त्या दिवशी त्याला कुणी म्हणलं असतं की बंद कर रे ते, तर?

आईची गोष्ट वेगळी. आईला मैफल कधी मिळाली नाही, तिचं गाणं म्हणजे ओट्यावरचा रेडिओ. सांगली आकाशवाणी लागली की घरात वेळ कळायची, भाकरी थापायच्या कधी आणि पोरांना उठवायचं कधी. तिला सगळ्यात आवडायचा तो फर्माईशीचा कार्यक्रम. गाण्याच्या आधी नावं वाचायचे, विट्याहून अमुक, कवठेमहांकाळहून तमुक आणि त्यांच्या घरातली सगळी मंडळी, आणि आई गाण्यापेक्षा ती नावं जास्त कान देऊन ऐकायची. एकदा माहेरच्या गावाचं नाव आलं तर हातातली भाकरी तव्यावर करपली. लोक पंधरा पैशाच्या कार्डावर गाणं लिहून पाठवायचे आणि आठवडेच्या आठवडे वाट बघायचे, आणि लागलं की अख्ख्या गल्लीला सांगायचे आमचं गाणं लागलं. आमचं गाणं. लिहिलं कुणी, गायलं कुणी, पण मागितलं आम्ही म्हणून आमचं.

पुढं कॅसेटी आल्या. दुकानात लिस्ट द्यायची आणि कोरी कॅसेट भरून घ्यायची, साठ मिनिटांची किंवा नव्वदची. एका बाजूला तीस मिनिटं म्हणजे सहासात गाणी, त्यामुळं एक घालायचं तर दुसरं काढायला लागायचं आणि त्या काढण्यात खरी आवड कळायची. कॉलेजात एका मैत्रिणीनं मला अशी कॅसेट दिली होती, आतल्या कार्डावर गाण्यांची नावं निळ्या शाईनं आणि एका गाण्यापुढं नुसती चांदणी. का म्हणून तिनं सांगितलं नाही. मी ते गाणं कितीतरी वेळा ऐकलं, चांदणी का ते शोधायला. नंतर तिचं लग्न अचानक ठरलं तेव्हा कळलं. आता मोबाईलवर पाच हजार गाणी आहेत आणि चांदणी कशालाच नाही.

आता माझं. रविवारी मीसुद्धा शहाणी लिस्ट टाकली होती. झिंझोटीची ठुमरी टाकली, ती खरी होती. बाकीच्या चार बऱ्या दिसाव्यात म्हणून टाकल्या होत्या. मित्राला हसणाऱ्यांत मी नव्हते पण बोललेही नाही, आणि ते मला जास्त लागलंय.

म्हणून ही खरी लिस्ट, पाचची अट नाही.

'आशिकी'ची गाणी, १९९० ची, कुमार सानू आणि अनुराधा पौडवाल. मिरज स्टँडसमोरच्या टपरीवर दिवसभर लागायची आणि कॉलेजची एसटी चुकली की मला आनंद व्हायचा. अण्णांसमोर कधी लावली नाहीत. आज लावते आणि अजूनही नदीम-श्रवणचा तो ठेका सुरू झाला की मला पावसात भिजलेल्या स्टँडचा वास येतो.

'संगीत शारदा'मधलं 'मूर्तिमंत भीती उभी'. नाटककार देवल आपल्या हरिपूरचे, नाटक १८९९ चं, म्हाताऱ्याशी लग्न लावून देतायत त्या पोरीचं गाणं. आमची आजी तेराव्या वर्षी बिजवराला दिली होती. रेडिओवर हे लागलं की ती उठून परसात जायची, बंद करा म्हणायची नाही, नुसती उठून जायची. माझ्यासाठी ते गाणं म्हणजे आजीची परसाकडं जाणारी पाठ आहे, त्यामुळं कोण किती चांगलं गातं हे मला त्यात ठरवताच येत नाही.

कुस्तीच्या मैदानातली हलगी. गाणं नाही हे, पण आवडीत धरायचंच. पैलवान मैदानाला फेरी मारताना हलगी चढत जाते ना, ती छातीत वाजते. मी बाई असून मैदानाला जायची म्हणून घरात बोलणी खाल्लीयत.

आणि जवारी. हे कुठल्याच ॲपवर मिळणार नाही. मिरजेत सतारमेकर गल्लीतनं शाळेला जायची वाट होती. तिथं घराघरात पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं आलेले भोपळे टांगलेले असायचे आणि कारागीर घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासत बसलेले. तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, छेडायचं, पुन्हा घासायचं, पुन्हा छेडायचं. बराच वेळ नुसता टणटण आवाज आणि मग एका क्षणी तार एकदम उघडते, एका सुरातनं चार सूर ऐकू यायला लागतात. जवारी लागली म्हणतात त्याला. तलवारी घडवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी हे काम हातात घेतलं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा मला घरचं कुणी पास झाल्यासारखं वाटलं. मी दप्तर घेऊन तिथं थांबायची, तार उघडेपर्यंत, आणि शाळेला उशीर व्हायचा. आयुष्यातलं माझं सगळ्यात आवडतं ऐकणं तेच आहे, कुणी काही गात नाही, नुसती तार लागते.

काल मित्रानं ते तिसरं गाणं मला एकटीला पाठवलं. लिंक नाही, कॅसेट टेपवर लावून समोर मोबाईल धरून भरलंय, मधे त्याच्या बायकोचा आवाज येतो, पाणी सोडलं का म्हणून. खाली लिहिलंय, दोन मिनिटं चाळीस सेकंदाला ऐक, तात्या थांबतात तिथं. मी ऐकलं. जनरेटरची घरघर आहे, शिट्ट्या आहेत, बाईंचा सूर लांबलाय, ढोलकी बंद, आणि मग ती थाप. रात्री तीनदा ऐकलं. त्याला विचारलं, ग्रुपवर परत टाकशील का. तो म्हणला, तू आधी तुझं खरं टाक, मग बघू. म्हणून ही लिस्ट आज ग्रुपवर पण टाकतेय, आशिकीसकट.

तुम्हीही खाली लिहा. एकच गाणं लिहा, पण कुणी ऐकवलं आणि नेमकं कुठल्या जागेला कान द्यायचा तेवढं सांगा. मी ऐकीन, शेवटपर्यंत ऐकीन.