मॉर्गनची चासी लाकडी नाही हो, दाजी!

परवा घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला: ‘इंग्लंडची मॉर्गन, लाकडी चासीची जगातली एकमेव स्पोर्ट्स कार! गंज नाही, कटकट नाही. 1936 पासून एक स्क्रूही बदललेला नाही. नंबर लागायला दहा वर्षं!’ एरवी असलं काही मी न वाचताच पुढे सरकवतो. पण बर्मिंगहॅमचे आमचे दाजी सध्या साठच्या दशकातली मॉर्गनची एक प्लस फोर घ्यायच्या नादात आहेत. त्यांनी खाली लिहिलं, "बरं झालं, म्हणजे खालून बघायची गरजच नाही."

गरज नाही? अहो, खालूनच बघायचं असतं!

त्या गाडीची चासी, म्हणजे सगळी गाडी जिच्यावर उभी असते तो खालचा सांगाडा, पोलादी आहे. दोन लांब बाजू आणि मधे आडवे तुकडे, शिडीसारखी. लाकूड आहे ते तिच्या वर. बॉडीचा सांगाडा अ‍ॅशचा, म्हणजे ज्याचे क्रिकेटचे स्टंप होतात त्या लाकडाचा, आणि त्यावर पत्रा. ही काही कंपनीची गुपितं नाहीत. मॉल्व्हर्नचा कारखाना तिकीट काढून बघता येतो आणि 2018 मध्ये ताईकडे गेलो तेव्हा मी बघून आलोय (दाजींना त्या दिवशी लॉन कापायचं होतं). एका भागात उघड्या पोलादी चासींवर इंजिनं चढत होती. सुतारखान्यात भुशाचा वास, आणि मागच्या चाकावरच्या कमानीसाठी अ‍ॅशच्या पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून साच्यात आवळून ठेवलेल्या. लाकूड कुठे संपतं नि लोखंड कुठे सुरू होतं, हे तिथे शेंबड्या पोरालाही कळेल.

आणि लाकडी चासीचं एवढंच कौतुक असेल तर मार्कोस बघा. तीही ब्रिटिशच, आणि तिच्या सुरुवातीच्या गाड्यांची चासी खरोखर प्लायवूडची होती. म्हणजे ‘एकमेव’ही गेलं.

‘एक स्क्रूही बदललेला नाही’ हे तर हास्यास्पद. 1936 ची फोर-फोर, 1950 ची प्लस फोर, 1968 ला रोव्हरचं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन घातलेली प्लस एट, या काय एकच गाडी? मधे पुढचा सपाट रेडिएटर जाऊन गोलसर नाक आलं. 2020 ला तर ती पोलादी शिडीही गेली, अ‍ॅल्युमिनियम आलं. हं, पुढच्या चाकांचं स्लायडिंग पिलर सस्पेन्शन, म्हणजे उभ्या पिलरवर चाक वर-खाली सरकतं ते, मात्र 1909 च्या तीनचाकीपासून त्या शिडीच्या अखेरपर्यंत चालत आलं होतं, हे कबूल. जुन्या गाडीत पायाने एक बटण दाबलं की इंजिनातलं ऑइल त्या पिलरना जातं. माणसं भाळतात ती असल्या गोष्टींवर, आणि दाजी भाळले तर माझी ना नाही.

नंबर लागायला एके काळी वर्षानुवर्षं जायची, तेही खरं. पण तुम्ही सेकंडहँड घेताय, तुम्हाला कसला नंबर?

तेव्हा शनिवारी जाताना टॉर्च आणि लोहचुंबक न्या. गाडीखाली आडवे व्हा, चुंबक चासीला लावा, चिकटला की त्या फॉरवर्डवाल्याला फोटो पाठवा. मग गंज शोधा, विशेषतः पुढच्या आडव्या भागात, जिथे ते पिलर बसतात. लाकूडही सोडू नका, पाणी मुरलं की तेही कुजतं. दार अर्धं उघडून हँडल धरून वर उचला. दार त्याच्या बिजागरीच्या खांबासकट हललं, तर किंमत पाडा नाहीतर घरी या.