दुःशासनाची बाजू

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या दुःशासन पेटलाय. चुलतभावाच्या मुलाने कॉलेजसाठी त्याच्या बाजूने एकांकिका लिहिली आहे. शंभर कौरवांतला हा दुसरा. सगळं कौतुक थोरल्याचं, बाप आंधळा, आईने डोळ्यांवर पट्टी ओढलेली, म्हणजे या पोराकडे कुणी कधी पाहिलंच नाही. मग थोरला म्हणेल ती पूर्वदिशा, आणि म्हणून सभेत द्रौपदीच्या केसांना हात. मिरजेचे नाना म्हणतात, उद्या कंसाचं बारसं दाखवाल. भाचरं म्हणतात, प्रत्येकाची एक बाजू असते, तुमच्या पिढीला नाही कळायचं. मी मधे दोन ओळी टाकल्या, तर उत्तर आलं, "काका, तुम्ही तिकडे बसून बोलू नका."

तिकडे म्हणजे इंग्लंडमधलं लेस्टर. खरं तर या एका विषयावर तिकडे बसूनच बोलावं. खलनायकाची बाजू अख्ख्या गावाने कशी घ्यावी, हे मी रस्त्यावर उभं राहून पाहिलंय.

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड. शेक्सपिअरने त्याला कुबडा, लुळ्या हाताचा, पुतण्यांचा जीव घेणारा म्हणून रंगवला, तेही त्याला मारून गादीवर बसलेल्या ट्युडर राजाची नात राज्य करत असताना. 1485 मध्ये तो बॉसवर्थच्या लढाईत पडला. प्रेत नागवं करून घोड्यावरून इथे आणलं आणि घाईघाईत पुरलं. 2012 मध्ये कौन्सिलच्या सोशल सर्व्हिसेसच्या कार पार्कखाली सांगाडा सापडला. कणा वाकडा होता खरा, पण कडेला. कुबड नव्हतं, हात धड होता. त्याची वकिली करणारी मंडळी तर 1924 पासून संघटित आहेत. त्याला यॉर्कला पुरायचं की लेस्टरला, यावर कोर्टात भांडण झालं. 2014 मध्ये ते आमच्या बाजूने लागलं. ("आमच्या" आपोआप आलं, तसंच ठेवतो.) मार्च 2015 मध्ये शवपेटी गावात आली तो रविवार होता. लोक पांढरे गुलाब टाकत होते. मीही सेन्सबरीज सुपरमार्केटमधून आणलेला एक टाकला. शेजारच्या बाईंनी त्याला "अवर किंग" म्हटलं आणि मी मान डोलावली. इतक्या वर्षांत या गावाने मला कशात तरी सामील करून घेतल्याचं पहिल्यांदाच वाटलं. पुढच्या वर्षी लेस्टर सिटीने फुटबॉलची प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा पबमध्ये श्रेय रिचर्डलाच!

कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत, कुणी नाटक बंद पाडलं नाही, हे मी ग्रुपवर ठणकावून लिहिलं. लिहिताना काही गोष्टी सोयीने गाळल्या. ती दोन मुलं, त्याचे पुतणे, उदाहरणार्थ. एक बारा वर्षांचा, एक नऊ. 1483 मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये गेली ती पुन्हा दिसली नाहीत. रिचर्डला निर्दोष ठरवायचं तर त्यांचा मारेकरी दुसरा कुणी तरी हवा. म्हणून कुणी रिचर्डनंतर गादीवर आलेल्या सातव्या हेन्रीला पुढे करतं, कुणी बकिंगहॅमच्या ड्यूकला. सांगाड्याच्या शोधावर 2022 मध्ये सिनेमा आला. त्यात राजा सज्जन झाला आणि खलनायकाची रिकामी जागा विद्यापीठातल्या एका खऱ्याखुऱ्या माजी अधिकाऱ्याने भरली. ते गृहस्थ कोर्टात गेले, आणि 2024 मध्ये न्यायाधीशांनी ते चित्रण बदनामीकारक असल्याचं म्हटलं.

माझी चिडचिड इथे आहे, नानांच्या धर्म बुडण्यात नाही. एकाचे डाग धुतले की ते पाणी दुसऱ्याच्या अंगावर जातं, आणि कुणाच्या, ते बघायला कुणी थांबत नाही.

मराठी माणसाला हे नवं नाही. कर्णावर आम्ही सगळे लहानपणी रडलोय. भर स्वयंवरात द्रौपदीने "सूतपुत्राला वरणार नाही" म्हणून त्याला झिडकारलं, हा प्रसंग आम्हाला तोंडपाठ. पुण्याच्या भांडारकर संस्थेने हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती 1966 मध्ये पुरी झाली. तिच्या संहितेत हा प्रसंग नाही, तो तळटीपांत गेलाय. पुढच्याच वर्षी 'मृत्युंजय' आली आणि तळटीपा कोण वाचतो? कर्ण मोठा झाला आणि द्रौपदीच्या वाट्याला आलं ते "तिनेच आधी अपमान केला होता ना". सभापर्वात हाच कर्ण तिला बंधकी म्हणतो, वेश्या. वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला सांगणाराही तोच.

आणि त्याच सभेत विकर्ण उठतो. धृतराष्ट्राचाच मुलगा. तोच आंधळा बाप, तीच पट्टी, तोच लाडका थोरला. भीष्म-द्रोण गप्प बसलेले असताना हे पोर उभं राहून म्हणतं की द्रौपदी जिंकली गेलेलीच नाही. त्याला झापून खाली बसवतो कर्ण. दुःशासनाच्या बालपणाला माझी ना नाही, खुशाल दाखवा. पण मग त्याच घरात वाढलेल्या या भावाचं काय करायचं? पुतण्याला फोन करून म्हटलं, विकर्ण घे. तो म्हणाला, "काका, मग दुःशासनाची सहानुभूती जाते." पोरगं हुशार आहे. नाटकाचं गणित त्याला बरोबर कळलंय.

कळतं मलाही. घरी माझीही एक गोष्ट सांगतात. धाकटा शिकायला गेला, तिकडचाच झाला. बाबांच्या शेवटच्या आजारपणात रजा काढल्या त्या दादाने. माझ्याकडे हिची दुसरी आवृत्ती आहे. तीत व्हिसा अडकलेला आहे, नोकरी नवी आहे, आणि बाबा स्वतः म्हणतात, "जा, इथलं आम्ही बघू." इथल्या मित्रांना मी तीच सांगतो. त्यांना पटते, कारण त्यांचीही साधारण तशीच असते. तिच्यात दादा थोडा हिशेबी, थोडा करवादलेला येतो. मी त्याला मुद्दाम तसा केलेला नाही. माझी बाजू नीट बसायला तो तसाच लागतो. दादाने त्याची गोष्ट मला कधी ऐकवली नाही. वहिनीने एकदा ऐकवली, ओट्यापाशी, भाजी चिरता चिरता. तिच्यात बाबा "जा" म्हणत नव्हते.