नळाच्या पाण्यामागे चला

नाशिकहून जळगावला येऊन आम्हाला दीड वर्ष होत आलं. आलो तेव्हा थोरली आठची होती, धाकटा चारचा. नव्या गावात पाऊल टाकलं की आपण पहिल्या महिन्यातच विचारतो, जवळपास बघण्यासारखं काय आहे? मीही विचारलं. लोकांनी भरभरून सांगितलं: पद्मालय, पाटणादेवी, मनुदेवी, उनपदेव, पाल, अजिंठा. त्यातली तीन ठिकाणं आम्ही एकाच रविवारी उरकली, आणि तीही मार्चअखेरीस. भर दुपारी एका देवळाच्या अंगणात चपला काढल्यावर धाकटा तापलेल्या फरशीवर उभ्या उभ्या रडायला लागला. रात्री अंगात ताप. त्या दिवसातलं त्याला आज फक्त ती फरशी आठवते. चूक सर्वस्वी आमची होती.

शेजारच्या मावशींनी निघतानाच टोकलं होतं, "इतला उनमा पोरेस्ले कथा लई जाई राहिनी माय?" म्हणजे अहिराणीत, एवढ्या उन्हात पोरांना कुठे घेऊन चाललीस बाई? तेव्हा मी हसून पुढे गेले. इथलं ऊन ही गप्पांत घालवायची गोष्ट नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो, आणि झळा होळीपासूनच लागायला लागतात. त्यामुळे आता आमच्याकडे ठिकाण नंतर ठरतं, वेळ आधी. थंडीत दिवसभर बाहेर. फेब्रुवारी संपला की पहाटे निघायचं आणि दहाच्या आत घरी. उन्हाळ्यात मेहरूण तलावाची सकाळची फेरी सोडून मी मुलांना कुठेही नेत नाही, कुणी कितीही आग्रह करो.

पण मला लिहायचंय ते यादीबद्दल. मुलांना यादीशी काहीच देणंघेणं नसतं. त्यांचं गाव सुटलेलं असतं, मैत्रिणी सुटलेल्या असतात. अशा वेळी गाडीत कोंबून रोज नवं ठिकाण दाखवलं तर ती पाहुण्यांसारखीच राहतात. माझं ठाम मत आहे की नव्या गावातल्या सहली घरातल्या एखाद्या वस्तूपासून सुरू कराव्यात. आमची सुरू झाली नळापासून.

नाशिकला गंगापूर धरणाचं पाणी यायचं, हे थोरलीला माहीत होतं. इथे तिने विचारलं, हे कुठलं? वाघूर धरणाचं. मग एका सकाळी आम्ही वाघूर धरण बघायला गेलो. बघण्यासारखं म्हणाल तर फार काही नाही: भिंत, पाणी, वारा. तरी दोघंही तासभर बसली, कारण ते पाणी त्यांच्या बादलीतलं होतं. पुढचा प्रश्न आलाच, मग नदी येते कुठून?

ती येते अजिंठ्याच्या डोंगरातून. लेण्यांपुढे घोड्याच्या नालेसारखं वळण घेणारी नदी ती हीच वाघूर. जळगावहून हे अंतर साधारण साठ किलोमीटर. आम्ही सप्टेंबरच्या शेवटी गेलो, मुद्दाम. तेव्हा नदीला पाणी असतं आणि घळीच्या टोकाला धबधबाही असतो. आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढचे चारेक किलोमीटर बसने जावं लागतं, आणि सोमवारी लेणी बंद असतात, एवढं ध्यानात ठेवा. तीस लेणी मुलांना दाखवायच्या फंदात पडू नका. आम्ही तीनच बघितली. पहिल्यातला पद्मपाणी, सोळाव्याच्या पायऱ्यांपाशी कोरलेले हत्ती, आणि सव्विसाव्यातला निजलेला बुद्ध. धाकटा त्या बुद्धाच्या पायांपासून डोक्यापर्यंत पावलं मोजत गेला आणि तिथेच हळू आवाजात बोलायला लागला. त्याला कुणी गप्प बस म्हटलं नव्हतं. बाकी वेळ आम्ही नदीवरच्या पुलावर काढला. "हे पाणी आपल्याकडे येणार," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

पावसाळ्यात मात्र ओढ्यात उतरायचं नाही. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. सातपुड्याच्या पायथ्याला, मनुदेवीकडे गेलात तरी हेच.

एक गोष्ट मनाला लागते, ती सांगते. या रस्त्यांवर बायकामुलांना जाता येईल असं स्वच्छतागृह सापडणं फार अवघड आहे. मुलगी बरोबर असली की मी निघण्याआधी वाटेतल्या पेट्रोल पंपांची चौकशी करते. बायका पाणी न पिता प्रवास करतात, तेही या उन्हात. ठिकाणांचे फलक लावण्याआधी ही सोय व्हायला हवी.

खाण्याचं म्हणाल तर दशम्या. दुधात भिजवलेल्या, दोन दिवस मऊ राहतात, सोबत शेंगदाण्याची चटणी. हे मावशींनीच शिकवलं. त्यांच्याच शेतावर डिसेंबरात आम्हाला भरिताचं बोलावणं आलं. हिरवी पांढुरकी मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली जात होती, मुलं धुरात डोळे चोळत काड्या वेचून देत होती, मागे केळीची बाग. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी धाकट्याने दोनदा मागून घेतली. नवीन आलेल्यांना माझं सांगणं आहे की कुणी "शेतावर चला" म्हटलं तर संकोच करू नका. इथे ते मनापासून म्हणतात.

आता थोरलीने नकाशा काढलाय. गोदावरी पूर्वेला जाते आणि तापी पश्चिमेला, हे तिला अजून पटत नाही. पण गिरणा आपल्या नाशिक जिल्ह्यातून निघून इथे तापीला मिळते, हे कळल्यापासून ती तिला "आपल्यासारखीच बदली झालेली" म्हणते. वाघूरही पुढे तापीतच जाते. येत्या रविवारी चांगदेवला जायचंय, तापी-पूर्णेच्या संगमावर. पहाटे साडेपाचला निघणार. दशम्यांचं पीठ शनिवारी रात्री मळायचं, आणि या वेळी मावशीही येतायत.