देव फक्त 'हो म्हणा' एवढंच सांगत नाही

चर्चमधल्या सेवेसाठी कुणाला विचारलं की एक मेसेज हमखास समोर येतो, तुम्हालाही आला असेल. देव पात्र माणसांना बोलवत नाही, बोलावलेल्यांना पात्र करतो. बायबलमधला मोशे जिभेने जड होता, दावीद पोरगा होता, पेत्र अडाणी होता, तरी देवाने वापरलं, मग अभ्यास आणि ट्रेनिंग कशाला, फक्त हो म्हणा. देव साध्या माणसांना बोलावतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, नाहीतर मी सेवेत आलेच नसते. पण शेवटचं जे जोडलंय ते शास्त्रात नाहीये, आणि त्यापायी माणसं दुखावली जातात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

मोशे. जिभेने जड आहे असं तो स्वतःच म्हणाला, बायबलच्या निर्गम पुस्तकात, 4 थ्या अध्यायात. पण प्रेषितांची कृत्ये 7:22 पण वाचा ना, तिथे स्तेफन नावाचा येशूचा अनुयायी सांगतो की मोशेला मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, लोकांची सगळी विद्या शिकवलेली होती. त्यानंतर 40 वर्षं मिद्यानात, रानात मेंढरं राखण्यात गेली. जळतं झुडूप दिसलं ते होरेब डोंगरापाशी, सासऱ्याचा कळप घेऊन गेला होता तेव्हा, आणि पुढे मिसरातून सुटलेली अख्खी इस्राएल प्रजा घेऊन तो त्याच डोंगरापाशी आला! आणि बोलण्याचं म्हणाल तर देवाने त्याची जीभ एका रात्रीत सैल नाही केली, त्याचा भाऊ अहरोन याला सोबत दिलं.

दावीद पोरगा होता, खरंय. पण धिप्पाड गल्याथाशी लढायला निघताना शौल राजाला तो काय सांगतो बघा, बापाची मेंढरं राखताना सिंह आला, अस्वल आलं, मी मारलं. शौलाचं चिलखत अंगावर चढवून बघितलं आणि सवय नाही म्हणून काढून ठेवलं, मग ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे निवडून घेतले. गोफण त्याने त्या दिवशी पहिल्यांदा हातात धरली नव्हती.

येशूचे शिष्य पेत्र आणि योहान शिकलेले नव्हते, मान्य. पण कृत्ये 4:13 अर्धंच का फॉरवर्ड करता? तिथे पुढे लिहिलंय की हे येशूबरोबर होते हे लोकांनी ओळखलं. त्याच्यासोबत चालले, जेवले, चुकले, बोलणी खाल्ली, याला ट्रेनिंग नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

आता मला सगळ्यात जास्त लागणारा मुद्दा, की तयारी करणं म्हणजे अविश्वास, काय बोलायचं ते आत्मा ऐनवेळी देईल. हे मत्तय 10:19 वरून घेतलंय. पण एक वचन मागे जा, तिथे ज्यांना पकडून सुभेदार आणि राजांपुढे उभं करणार त्यांच्याविषयी चाललंय, रविवारी सकाळी धडा न वाचताच शिकवायला जाणाऱ्यांविषयी नाही. मी तशीच गेले होते, संडे स्कूलच्या पहिल्या दिवशी. प्रार्थना केली आणि पुस्तक न उघडताच गेले. येशूने याईराच्या मेलेल्या मुलीला उठवलं ती गोष्ट सांगितली, आणि पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, टीचर, मग माझी आजी का नाही उठली? मी म्हणाले, अजून विश्वास ठेवायला हवा होता. तिने मान खाली घातली आणि फ्रॉकचं बटण फिरवत बसली, तास संपेपर्यंत वर बघितलं नाही. ते बटण अजून दिसतं मला.

नंतर मंडळीतल्या एक मावशी दर शनिवारी माझ्यासोबत बसायला लागल्या. धडा आधी त्या मला विचारायच्या, मुलं विचारतील तसा, आणि मला उत्तर नाही आलं की म्हणायच्या, 'माहीत नाही' म्हणायला शीक, मुलांना चालतं. कृत्यांच्या पुस्तकातला अपुल्लो एवढा वक्ता, शास्त्रात प्रवीण, तरी प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने त्याला घरी नेऊन नीट समजावलं, ते मला तेव्हा कळलं.

इफिसकरांस पत्राच्या 4 थ्या अध्यायात पवित्र जनांना सेवेसाठी सज्ज करण्याविषयी जे म्हटलंय, त्याचा मूळ ग्रीक शब्द मार्क 1:19 मधल्या शब्दाच्या कुळातला आहे. तिथे याकोब आणि योहान तारवात बसून जाळी नीट करत होते. म्हणजे फाटलेलं शोधायचं, गाठ मारायची, परत पाण्यात टाकायचं. हे एका झटक्यात कसं होईल सांगा बरं.

आणि या मेसेजमध्ये सगळे पुढारीच का असतात हेही कळत नाही. निर्गम 31 मधला बसालेल कारागीर होता, देवाने त्याला आत्म्याने भरलं ते सोनं, रुपं, लाकूड घडवायला, आणि 35 व्या अध्यायात आहे की दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही दिली. कृत्ये 9 मधली दुर्कस वारली तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे दाखवत होत्या. ती शिवण कधीतरी बसून शिकलेलीच असणार ना.

सध्या एक नवीन मुलगा मुलांना शिकवायला तयार झालाय. हो म्हणाला तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू, आणि लगेच सांगितलं, शनिवारी संध्याकाळी धडा घेऊन ये, पहिले तीन महिने तू माझ्या शेजारी बसायचंस.